वहिनी, चाकं कोणती घ्यायची?

वहिनी, तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या फोनवर साकीनाक्याच्या इक्बालभाईंचा फोन आला. तुझा फोन सध्या माझ्याकडे असतो. मुग्धा म्हणाली, काका, तू ठेव, मला आईची ती रिंगटोन ऐकवत नाही. मी उचलला तर पलीकडून थेट सुरुवात, "काकू, दोन शनिवार गेले. चाकं अडवून ठेवलीत मी तुमच्यासाठी. सोळाची देऊ की पंधराची?"

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. चाकंवाल्याला कळवायचं कुणाला सुचणार? मी सांगितलं. त्यांनी मागे कुणाला तरी ग्राइंडर बंद करायला सांगितलं. मग ते म्हणाले, "आता रवीसर, तुम्हीच सांगा. घाई नाही." आणि फोन ठेवला.

घाई नाही कशी? त्याच दिवशी मुग्धाने विषय काढला होता. जीप विकायची का म्हणून. तिचंही चुकलं नाही. बोरिवलीत तिच्या बिल्डिंगमध्ये स्कूटरला जागा नाही, तिथे दादाची ही अडतीस वर्षांची जीप कुठे ठेवणार? आणि इथे मुलुंडला मी आहे, पण मी ती चालवत नाही. ठाण्याचा कुणी जुन्या जीपचा शौकीन रविवारी बघायला येणार होता. म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते. गाडी गेली, तर तुझ्या माहेरच्या काजूच्या झाडांकडे वर कुणीच जाणार नाही, हे मला माहीत होतं आणि मुग्धालाही. ती ते बोलली नाही, मीही नाही. आपल्या घराची ही खोडच आहे.

मी का चालवत नाही हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. दादा गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात आपण दोघं ती शिकायला लागलो. तू एकोणसाठ वर्षांची, मी पन्नाशीचा. पहिल्याच आठवड्यात गेटच्या चढावर माझा पाय क्लचवरून निसटला, जीप मागे घरंगळली आणि सेक्रेटरींच्या अकरा कुंड्या एका दमात गेल्या. मी उतरलो तो कायमचा. तू मात्र उतरून शांतपणे कुंड्यांचे तुकडे गोळा केलेस, सेक्रेटरींना म्हणालीस, "शेवंती होती होय? परत लावते," आणि पुन्हा सीटवर चढलीस. तेव्हापासून तू उजवीकडे, मी डावीकडे. आठ वर्षं मी डावीकडे बसून तुला गाडी कशी चालवावी ते सांगितलं. तू एकदाही, बाबा रे, तूच ये इकडे, असं म्हणाली नाहीस. हा तुझा मोठेपणा, मी तेव्हा कबूल केला नव्हता, आता करतो.

मोठ्या टायरचं खूळ काढलं तूच. तुझ्या माहेरी, देवगडच्या अलीकडे, घरामागचा कच्चा रस्ता चढून सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, गेलं की तुझी बावीस काजूची झाडं. गुडघे चालत होते तोवर तू चालत जायचीस. मग जीपने. पण रस्त्याच्या मधोमध जांभ्या दगडाचा उंचवटा राहिलेला, आणि गेल्या मे महिन्यात मागच्या ॲक्सलचा मधला गोळा त्याच्यावर असा आपटला की तेल गळत आपण खाली आलो. मी म्हटलं, स्प्रिंग बदलून गाडी उंच करू. तू चहाच्या पेल्यावर बशी ठेवून मला समजावलंस. स्प्रिंगने वरची बॉडी उंच होते, ॲक्सल तिथेच राहतो, तो चाकाला धरून असतो. दगडापासून त्याला वर उचलायचा तर टायरच मोठा हवा. आणि मोठा टायर दादाच्या जुन्या साडेचार इंची रिमवर नीट बसणार नाही, म्हणजे चाकंही नवीन. "भूगोलाच्या मास्तरांना एवढं कळायला हवं," म्हणालीस. मी तीस वर्षं पोरांना नद्या आणि वारे शिकवले, ॲक्सल त्यात नव्हता.

पण तुला हे येत होतं, कारण तू विक्रोळीच्या कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतीस. इंजिनियर पेन्सिलीने काढणार, तू त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने उतरवणार, केसाएवढी चूक न करता. कॉम्प्युटर आले आणि ते काम गेलं, पण तुझा हात गेला नाही. डायनिंग टेबलवर तू ट्रेसिंग पेपर पसरलास आणि मला माप घ्यायला खाली पाठवलंस. मी टेप घेऊन एका बोल्टपासून समोरच्या बोल्टपर्यंतचं अंतर मोजून आलो. तू आकडा वाचलास आणि हसायला लागलीस ते थांबेचना. पाच बोल्टांच्या चाकाला समोरासमोर बोल्ट नसतातच, समोर येते ती दोन बोल्टांमधली जागा. मग तू स्वतः मॅक्सीवर ओढणी घेऊन खाली आलीस, चाकाशी फतकल मारून बसलीस आणि तासभर मापं घेतलीस. वॉचमन खुर्ची घेऊन आला तर त्यालाच टॉर्च धरायला लावलंस.

ते ड्रॉइंग अजून टेबलवर आहे, काच ठेवून. चाक, स्प्रिंगचे पाटे, मडगार्ड, सगळं खऱ्या मापाचं, आणि मध्यरेषेपाशी थांबलेलं. तू अर्धीच गाडी काढली होतीस. मी विचारलं, दुसरी बाजू? तू म्हणालीस, "दोन्ही बाजू सारख्या असल्या की आम्ही अर्धंच काढतो. बाकीचं अर्धं कळतं." तुझ्या ऑफिसात चाळीस वर्षं तसंच चालत आलं होतं, मी कोण बोलणार?

मग जानेवारीत इक्बालभाईंनी कुणाच्या तरी गाडीवरचे मोठे टायर चाकांसकट ट्रायलला दिले, नुसती उंची बघायला. रिकाम्या गाडीला ते झकास बसले. पण रिकाम्या गाडीत टायर कुणाचाच घासत नाही, वजन पडलं की खरं कळतं. वाळूच्या गोणी आणायच्या कुठून, असं आपलं चाललं होतं, तेवढ्यात बी विंगमधलं हळदीकुंकू सुटलं. दादा गेल्यावर तू तिकडे जाणं सोडलं होतंस. त्या बोलवायच्या, तुलाच नको असायचं. त्या दिवशी आठ जणी पैठण्या सावरत, हातात वाणाचे डबे घेऊन कंपाउंडमधून निघाल्या आणि तू मधे उभी राहिलीस. "जरा बसा गं सगळ्या गाडीत."

"कुठे नेताय काकू?"

"कुठे नाही. मला तुमचं वजन हवंय."

असं कुठल्या बाईला कुणी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. पण त्या खिदळत चढल्या, सहा मागे, दोन पुढे, मला जागाच उरली नाही. तू गाडी गेटपर्यंत नेलीस आणि वळवताना मागून असा करकर आवाज आला की पारेख भाभी ओरडल्या, वाट लागली. रबर जळाल्याचा वास सुटला. आम्ही वाकून पाहिलं. डावं चाक मोकळं होतं. उजव्या चाकाने मडगार्डला धरलं होतं.

तू पुन्हा मापं घेतलीस. उजवी बाजू डावीपेक्षा दीड बोट खाली होती. मी जरा जास्तच खूश झालो, हे खरं आहे. मुरलेल्या ट्रेसरबाईंची चूक सापडली होती. मी काहीतरी टोमणा मारणार होतो. पण तू चाकापाशीच बसून राहिलीस, आणि थोड्या वेळाने म्हणालीस, "तीस वर्षं तुझा भाऊ या बाजूला बसला. वर टाकी पण त्याच सीटखाली. दबणारच."

तिथूनच मेकॅनिकला फोन लावला, त्याने पाटे बदलायला सांगितलं. एका दिवसाचं काम होतं. तू नको म्हणालीस. "पाटे आहेत तसे राहू देत. टायर एक इंच कमी घेऊ." दगडाला एवढं पुरेल, हिशेब केलाय, असंही म्हणालीस. मला तुला सांगायचं होतं की दादा मलाही फार आठवतो. त्याऐवजी मी पारेख भाभींना, तुमचा डबा गाडीतच राहिला, म्हणून हाक मारली.

मग सुरू झालं आपलं भांडण. उंची ठरली, रुंदी राहिली. तुला हवी होती सोळा इंची लोखंडी चाकं, टायर उंच आणि अरुंद, दादाच्या वेळच्यासारखे. मला हवी होती पंधरा इंची, रुंद, बाहेरच्या बाजूला निघालेली, वर जाडजूड टायर. तीन आठवडे आपण जेवताना, चहाला, जिन्यात, तेवढंच बोललो. तू म्हणायचीस, अरुंद टायर चिखलात खाली जाऊन घट्ट जमीन धरतो, रुंद टायर वरच तरंगत राहतो. मी म्हणायचो, सड्यावर चिखल कुठेय, खडक आहे. तू म्हणायचीस, लोखंडी रिम वाकली तर देवगडचा लोहारही ठोकून सरळ करेल. मी म्हणायचो, रुंद चाकाला रुबाब आहे, नाहीतर गाडी बोंबलासारखी दिसते. "तुका काय कळता त्यातला," तू म्हणायचीस, आणि मालवणीत गेलीस की वाद तिथे संपायचा, उद्या सकाळपर्यंत. मोठ्या टायरने स्पीडचा काटा खोटं बोलतो, चाळीस दाखवेल तेव्हा गाडी बेचाळीसवर असेल, हे मी कुठून तरी वाचून आलो, तर तू म्हणालीस, "बरंच आहे, काट्याकडे बघून तू घाबरणार नाहीस."

शेवटच्या मंगळवारी तू म्हणालीस, शनिवारी इक्बालभाईंना काय ते सांगते. गुरुवारी तू गेलीस.

आता ऐक. शुक्रवारी, म्हणजे तो शौकीन यायच्या दोन दिवस आधी, मुग्धा तुझं कपाट आवरायला आली होती. बाथरूमच्या दारामागे एक दोरी आणि कप्पी टांगलेली होती. मी समजत होतो तू कपडे वाळत घालायला काहीतरी केलंयस. मुग्धा म्हणाली, "काका, ही खांद्याच्या व्यायामाची. आईचा उजवा खांदा धरला होता ना. वर्ष होत आलं. हात डोक्याच्या वर जायचा नाही तिचा."

"मला नाही सांगितलं."

"तुला सांगू नको म्हणाली होती. म्हणाली, रवीला कळलं तर तो किल्ली लपवेल."

मला इतका राग आला, वहिनी. तू तीन आठवडे मला चिखल आणि लोहार सांगत बसलीस. रुंद, बाहेर निघालेली चाकं लावली की स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यात चाक गेलं की हाताला झटका बसतो, हे तूही एकदा ओझरतं बोलली होतीस, आणि मी म्हणालो होतो, मग काय, तेवढा व्यायाम. तू पोळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवलास. मी जिंकलो असं वाटून मी दुसरी पोळी घेतली. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मुग्धा गेल्यावर राग उतरला, कारण मी तरी कुठे खरं बोललो होतो? रुबाब गेला खड्ड्यात. त्या वाटेवर शेवटच्या वळणाला रस्ता डावीकडे कलतो, आठवतं? गाडी आडवी झुकते आणि डावीकडे खाली ओहोळापर्यंत सरळ उतार. तू पुढे बघत असायचीस. खाली मी बघत असायचो, कारण मी त्या बाजूला होतो. दर वेळी मला वाटायचं, आता गाडी कलंडणार आणि तू माझ्या अंगावर येणार. चाकांमधलं अंतर वाढलं की गाडी सहजी उलटत नाही, एवढं मी शोधून काढलं होतं. म्हणून मला रुंद चाकं हवी होती. पण मला भीती वाटते असं म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग तू खालीच थांब, मी जाऊन येते. आणि ते मला नको होतं.

वहिनी, तू या घरात आलीस तेव्हा मी नववीत होतो. माझ्या नकाशांना तू समुद्राची निळी कड काढून द्यायचीस, वर्गात कुणाची नव्हती तशी. मी लग्न केलं नाही त्याबद्दल सगळ्यांनी विचारलं, तू एकदाही नाही. तू फक्त रोज एक पोळी जास्त टाकलीस. दादा गेल्यावर मला वाटलं होतं, आता आपण दोघं दोन दारांमागे बसून म्हातारे होणार. त्याऐवजी तू मला आठ वर्षं हिंडवलंस. सड्यावर बसून मीठ लावून काजूची बोंडं खाणं, हात चिकट, तोंड खवखवतंय, तू झाडांना नावाने हाका मारतेयस. एवढं सुख मला पन्नाशीनंतर मिळेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मी समाधानी माणूस आहे, तो तुझ्यामुळे. हे तुला आवडलं असतं ऐकायला, आणि ऐकून तू मालवणीत म्हणाली असतीस, गप रव.

शनिवारी मी साकीनाक्याला गेलो. खरं सांगतो, चाकं नकोत असं सांगायला गेलो होतो. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. इक्बालभाईंनी मला बसवलं, चहा मागवला आणि तुझ्याबद्दल बोलत राहिले. ते चिपळूणकडचे, त्यामुळे तुमचं काजू आणि फणसावर किती बोलणं व्हायचं ते मला तिथेच कळलं. दोन्ही जातीची चाकं भिंतीला टेकवून ठेवली होती, वर खडूने तुझं आडनाव. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "सर, हे असं बघून ठरत नाही. चालवणार कोण ते सांगा, मग मी सांगतो."

मी "कोणी नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि "मी" म्हणालो.

मग त्यांनी मला दुकानासमोर आलेल्या एका जीपमध्ये बसवलं, रुंद चाकांची, आणि म्हणाले, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवा. मी फिरवलं. अर्ध्यातच खांद्यात कळ आली, चांगल्या, धडधाकट खांद्यात. त्यांनी पूर्ण फिरवायला सांगितलं, मी फिरवलं, आणि मग दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. लोक बघत होते, पण माझ्याने उतरवेना. मग शेजारच्या अरुंद चाकांच्या गाडीत बसलो. ते वळवणं मला जमलं.

सोळा इंची घेतली. पुढच्या आठवड्यात बसवतील. सोमवारपासून ड्रायव्हिंग स्कूलच्या एका मास्तरांना जीपवर शिकवायला बोलावलंय. त्यांना मी आधीच कुंड्यांचं सांगितलं, ते म्हणाले, चढावरूनच सुरुवात करू.

दुकानातूनच मुग्धाला फोन केला. म्हटलं, उद्या त्या ठाण्याच्या माणसाला नको म्हणून सांग. मेच्या आधी आपण दोघं वर जाऊ, गाडी मी चालवेन. मग तिने विचारलं, "काका, त्या कलत्या वळणावर तुला भीती नाही वाटणार?"

"वाटणार गं," मी म्हटलं. "फार वाटते मला तिथे. पहिल्यापासून वाटते."

एवढंच मी तुला एकदा बोललो असतो, वहिनी, तर तूही मला खांद्याचं सांगितलं असतंस, आणि ही चाकं जानेवारीतच बसली असती.